आवाजाची शिल्लक

दिवसभर आकड्यांच्या सहवासात वावरणाऱ्या माणसाला संध्याकाळी काहीतरी निराकार हवेसे वाटते. आम्हा काही मित्रांना ते स्वरांत गवसले. वडोदऱ्याच्या निरनिराळ्या शाखांत काम करणारे आम्ही तिघे आणि हेड कॅशियर म्हणून निवृत्त झालेले आमचे एक ज्येष्ठ स्नेही, असे चौघे महिन्यातून एकदा कोणा एकाच्या घरी जमतो. चहा होतो, एखादी जुनी ध्वनिमुद्रिका लागते आणि मग तासभर कोणी बोलत नाही. ज्येष्ठ स्नेह्यांना आम्ही ‘काका’ म्हणतो. त्यांचे घराणे गायकवाडी अमदानीपासून वडोदऱ्यात स्थायिक झालेले. ज्या दरबारात उस्ताद फैयाज खाँ गायले, त्या नगरीचा सार्थ अभिमान त्यांच्या बोलण्यातून अधूनमधून डोकावतो.

गेल्या वर्षी मुंबईत ‘हाय-फाय’ ध्वनियंत्रांचे प्रदर्शन भरणार असल्याचे कळले. योगायोगाने तो दुसरा शनिवार होता. त्यामुळे रजेचा अर्ज करण्याचाही प्रश्न उरला नाही. माझ्या मनात एक सुप्त हेतू होता. माझी तीन लाखांची मुदत ठेव त्याच महिन्यात परिपक्व होणार होती आणि एक उत्तम ॲम्प्लिफायर घ्यावा, असे बरेच दिवस मनात घोळत होते. काकांनी मात्र शबनम पिशवीत एक सीडी जपून घेतली होती. ‘‘कुणी लावू दिली तर लावू,’’ एवढेच ते म्हणाले.

तारांकित हॉटेलातील स्वरजत्रा

अशा प्रदर्शनाची रीत काहीशी निराळी असते. मोठ्या मंडपात शेजारी शेजारी दुकाने मांडली, तर एकाचा आवाज दुसऱ्याच्या आवाजात मिसळणार. म्हणून हॉटेलचे दोन-तीन मजले घेऊन खोल्यांमधील पलंग हलवतात आणि प्रत्येक खोलीत एकेक संच मांडतात. दार लोटून आत जायचे, मांडलेल्या आठ-दहा खुर्च्यांपैकी एकीवर बसायचे आणि ऐकायचे. मधल्या खुर्चीसाठी सभ्यपणे चढाओढ चालते. दोन स्पीकर आणि श्रोता यांचा समभुज त्रिकोण जिथे पूर्ण होतो, तिथेच गायक समोर मधोमध उभा असल्याचा भास होतो. या द्विध्वनी पद्धतीचे मूलभूत एकस्व अर्ज अॅलन ब्लुमलाइन या ब्रिटिश अभियंत्याने १९३१ साली दाखल केले होते. प्रत्यक्षात स्टीरिओ तबकड्या बाजारात येण्यास १९५० च्या दशकाची अखेर उजाडली.

पहिल्याच खोलीत काचेच्या दिव्यांचा, म्हणजे व्हॉल्व्हचा, ॲम्प्लिफायर मंदपणे उजळत होता. त्याची शक्ती अवघी आठ वॅट. एवढ्यात काय होणार, असे आम्हांला वाटले. पण त्याला जोडलेल्या कर्ण्याच्या आकाराच्या स्पीकरांनी खोली सहज भरून टाकली. संगणक विभागातील आमच्या मित्राने यातील गणित उलगडून सांगितले. वॅट दुप्पट केले की आवाजाची पातळी केवळ ३ डेसिबलने वाढते. कानाला आवाज दुप्पट वाटायचा, तर सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. ‘‘म्हणजे मुद्दल दहापट करायचे आणि व्याज दुप्पट घ्यायचे!’’ काकांनी लगेच हिशेब मांडला. कमी शक्तीतून अधिक आवाज देणारा संवेदनशील स्पीकर असेल, तर आठ वॅटही पुरेसे होतात, हा त्यातील मथितार्थ.

पुढच्या खोलीत बेचाळीस लाखांचा संच होता. किमतीचा फलक पाहून आम्ही नकळत आवाज खाली आणला. वाद्ये इतकी सुटी सुटी ऐकू येत होती की, वादकांच्या जागा बोटाने दाखवाव्यात. तरीही डग्ग्याचा घुमारा मात्र जड होऊन खोलीभर साचत होता. त्याचे कारण यंत्रात नव्हते. बारा फूट रुंदीच्या खोलीत साधारण ४७ हर्ट्झच्या स्वराची अर्धी लहर दोन भिंतींच्या मध्ये नेमकी बसते आणि तो स्वर अवाजवी फुगतो. हा दोष बेचाळीस हजारांच्या संचालाही तेवढाच छळतो. यजमानांनी गाद्या भिंतीला टेकवून, कोपऱ्यांत उशा रचून त्यावर उतारा शोधला होता. लाखोंच्या यंत्रांभोवती रचलेल्या त्या उशा पाहून मला मौज वाटली आणि काहीसा धीरही आला.

मोह आणि त्याची परीक्षा

दुपारी मला हवा तसा ॲम्प्लिफायर सापडला. विक्रेत्याने आधी एक स्वस्त यंत्र ऐकवले, मग ते महाग यंत्र. दुसऱ्यात गायिकेचा आवाज एकदम भरदार वाटला. ‘‘आज नोंदणी केली, तर बारा सुलभ हप्ते,’’ तो अत्यंत आर्जवाने म्हणाला. हप्त्यांची भाषा मला परकी नाही. टेबलाच्या पलीकडे बसून ती रोज कानावर पडली की तिचा मोह कसा असतो, हे त्या क्षणी उमगले. ठेव मोडून उरलेले हप्त्यांत बसवण्याचा आकडा मी मनात मांडलासुद्धा.

संगणकवाल्या मित्राने तेवढ्यात भ्रमणध्वनीवरील ध्वनिमापक पुढे धरला. महाग यंत्र दोन डेसिबलने मोठे वाजत होते. किंचित मोठा आवाज कानाला अधिक चांगला भासतो. हे विक्रेत्याने मुद्दाम केले, असे मी म्हणणार नाही. दोन यंत्रांच्या खुंट्या एकाच जागी ठेवल्या, तरी पातळी सारखी राहतेच असे नाही. मित्राने विनंती करून दोन्हींची पातळी समान करून घेतली आणि मला पाठमोरे बसवून सहा वेळा आलटून-पालटून तोच तुकडा ऐकवला. महाग यंत्र कोणते, हे मी तीन वेळा बरोबर ओळखले. नाणे उडवूनही तेवढेच आले असते. मी विक्रेत्याचे माहितीपत्रक घेतले आणि नोंदणीचा अर्ज तसाच टेबलावर ठेवला.

काकांची सीडी

सायंकाळी गर्दी ओसरल्यावर आम्ही एका लहान खोलीत शिरलो. तिथे बीबीसीच्या आराखड्यावर बेतलेले छोटे स्पीकर होते. हा आराखडा १९७० च्या दशकात बाह्यप्रक्षेपणाच्या मोटारींसाठी तयार झाला. गाडीतल्या अपुऱ्या जागेत बसून मानवी आवाज नीट पारखता यावा, हा त्यामागचा उद्देश. काकांना ही माहिती सांगताच त्यांनी पिशवीतून सीडी काढली.

त्या सीडीवर काकूंचा आवाज होता. १९८७ च्या कोजागिरीला घरच्या गच्चीवर त्या गायल्या होत्या आणि काकांनी ते गाणे कॅसेटवर उतरवले होते. काकू २०१० साली गेल्या. त्यानंतर काकांनी एका दुकानातून कॅसेटची सीडी करून घेतली. फीत जुनी झाली, एखादे वेळी तुटेल, या धास्तीने मूळ कॅसेट पुन्हा कधी लावलीच नाही.

यजमानांनी आढेवेढे न घेता सीडी लावली. अभंगाचा पहिला शब्द आला आणि काकांचा चेहरा पडला. आवाज जणू घोंगडीखालून येत होता. तंबोऱ्याची जवारी नव्हती, टाळांचा नाद बोथट होता आणि खाली विजेच्या पुरवठ्याचा ५० हर्ट्झचा गुणगुणाट तेवढा स्वच्छ ऐकू येत होता. चांगले यंत्र चांगले तसेच वाईटही दाखवते. ‘‘घरी ती बरी वाटते,’’ काका हळूच म्हणाले आणि बटण बंद करण्यासाठी उठले.

त्यांना थांबवले ते खोलीतील वयस्कर तंत्रज्ञाने. ‘‘मूळ कॅसेट आहे का अजून?’’ त्याने विचारले. आहे म्हटल्यावर तो म्हणाला, ‘‘मग दोष फितीचा नसेलही. नक्कल करताना हेडचा कोन चुकला असावा.’’

त्याने कागदावर आकृती काढून समजावले. कॅसेट १९६३ मध्ये फिलिप्सने आणली. तिची फीत सेकंदाला अवघे ४.७६ सेंटिमीटर सरकते. म्हणजे १० हजार हर्ट्झच्या स्वराची एक पूर्ण लहर फितीवर जेमतेम पावणेपाच मायक्रॉन जागेत बसते. ती वाचणाऱ्या हेडवरील उभी फट आणि ध्वनिमुद्रणाच्या वेळची फट यांचा कोन तंतोतंत जुळावा लागतो. फट केसभर जरी कलली, तरी वरचे स्वर पुसल्यासारखे होतात. यालाच ‘ॲझिमथ’ म्हणतात. तो जुळवण्यासाठी प्रत्येक डेकमध्ये हेडशेजारी एक बारीकसा स्क्रू असतो. सीडीवरून गेलेले स्वर परत येणार नव्हते. मूळ फितीवर मात्र ते अजून असण्याची शक्यता होती.

परतीच्या गाडीत काका फारसे बोलले नाहीत. सुरत गेल्यावर एकदम म्हणाले, ‘‘आणि लावताना तुटली तर?’’ आम्हा तिघांपैकी कोणाजवळही त्याचे उत्तर नव्हते. पंधरा वर्षे न लावलेली कॅसेट त्यांच्या लेखी मोडायची नसलेली ठेव होती. न लावता ठेवली, तर ती सुरक्षित होती. पण सुरक्षित असूनही तिचा उपयोग काय, हा प्रश्न त्यांचा त्यांनीच सोडवायचा होता.

एका स्क्रूची गोष्ट

तीन आठवड्यांनी काकांचा निरोप आला, ‘‘या रविवारी माझ्याकडे.’’

मित्राने पूर्वतयारी कसून केली. डेकचे हेड आणि रबरी रूळ स्पिरिटने पुसले. त्याच काळातल्या दोन बिनमहत्त्वाच्या कॅसेट लावून डेक फीत ओढून गुंडाळत नाही, याची खात्री केली. मग काकूंची कॅसेट उजेडात धरली. फितीला हेडवर दाबून धरणारी नमद्याची चिमुकली गादी डिंक सुकून निसटली होती. ती तशीच राहिली असती, तर कोन जुळवूनही लाभ झाला नसता. दुसऱ्या कॅसेटमधली गादी तिथे बसवण्यात अर्धा तास गेला. काका तेवढा वेळ स्वयंपाकघरात चहा करत होते. चहा दोनदा उकळून उतू गेला.

प्रथम कॅसेटची मागची बाजू लावली. तिच्यावर रेडिओवरील काही कार्यक्रम होते. गेले तर फारसे दुःख नव्हते. मित्राने बारीक स्क्रूड्रायव्हर पाव आटा फिरवला, आवाज अधिकच मंदावला. उलट फिरवला आणि खिडकीवरचा पडदा बाजूला सारावा, तसे निवेदकाचे शब्द उजळले. मग कॅसेट उलटली, पूर्ण मागे नेली आणि रेकॉर्डिंग सुरू करून कळ दाबली.

आधी फितीची खरखर. मग तंबोऱ्याच्या तारा जुळवण्याचा आवाज. जवारी आता स्पष्ट होती. दूर कुठेतरी मुले हसत होती. आणि मग गाणे सुरू होण्यापूर्वी अगदी जवळून एक आवाज आला, ‘‘अहो, लागलंय का ते?’’

सीडी करणाऱ्याने सुरुवातीचा हा भाग निरुपयोगी समजून कापून टाकला होता. काका भिंतीला टेकून उभे होते, तिथेच हळूहळू खाली बसले. ‘‘लागलंय,’’ ते म्हणाले. पुढची बावीस मिनिटे अभंग चालू राहिला. फीत तुटली नाही.

ध्वनिमुद्रणाच्या इतिहासात अशी बोलकी वाक्ये विखुरलेली आहेत. १९०२ च्या नोव्हेंबरमध्ये कोलकात्यात गौहर जान यांचे गाणे तबकडीवर उतरले. गाण्याच्या शेवटी त्या आपले नाव इंग्रजीत पुकारीत. परदेशात तबकड्या तयार करणाऱ्यांना गायिका ओळखता यावी, ही त्यामागची व्यावहारिक सोय होती, असे सांगतात. आज शंभराहून अधिक वर्षांनी ते पुकारणे ऐकताना ती सोय उरत नाही. समोर एक जिवंत व्यक्ती उभी राहते. घरोघरी कपाटांच्या तळाशी अशा कितीतरी कॅसेट पडून आहेत. आजोबांची आरती, बाळाचे पहिले बोल, माहेरच्या कोणाचा निरोप. फीत थांबत नाही. ती हळूहळू जुनी होतच राहते. वाचकांपैकी कोणाकडे अशी कॅसेट असेल, तर जाणत्या माणसाकडून ती एकदा अवश्य तपासून घ्यावी आणि तिची नक्कल करताना आरंभीची व शेवटची शांतताही कापू देऊ नये.

माझ्या मुदत ठेवीचे मी नूतनीकरण केले. प्रदर्शनातून शिकलेल्या गोष्टींपैकी ज्या परवडल्या, त्या अमलात आणल्या : स्पीकर भिंतीपासून दोन फूट पुढे घेतले, त्यांना साधे स्टँड करून घेतले, समोर जाड सतरंजी अंथरली आणि खिडक्यांना जाड पडदे लावले. एकूण खर्च अकरा हजार. तोच जुना ॲम्प्लिफायर आता अधिक गोड वाजतो. काकांच्या घरीही स्पीकर कपाटाच्या कोनाड्यातून बाहेर आले आहेत.

काकूंच्या गाण्याच्या तीन प्रती केल्या. एक काकांकडे, एक मुलाकडे, एक आमच्या मंडळाकडे. मूळ कॅसेट ठेवण्यासाठी काकांनी बँकेतील आपला लॉकर निवडला. माझ्याच शाखेत तो आहे. त्या दिवशी मी त्यांच्यासोबत आत गेलो. दागिन्यांच्या डबीशेजारी त्यांनी रुमालात गुंडाळलेली कॅसेट ठेवली, दार बंद केले आणि किल्ली फिरवली.

‘‘काका, लॉकरचे नामनिर्देशन केलेले आहे ना?’’ मी सवयीने विचारले.

‘‘मुलाचे होते,’’ ते म्हणाले, ‘‘आज बदलायचे आहे. नातीच्या नावे कर. ती गाणे शिकते आहे.’’

मी फॉर्म आणायला बाहेर आलो.