पडद्यामागचे पाय आणि इतर घरगुती शोध

चार्ल्स डार्विनचा थोरला मुलगा विल्यम अडीच-पावणेतीन वर्षांचा असताना एकदा जेवणघरातून बाहेर आला, तो अंगातला एप्रन नीट गुंडाळून धरूनच. आत काय आहे म्हणून वडिलांनी विचारलं, तर काहीच नाही म्हणाला. वर वडिलांनाच पुन्हा पुन्हा ‘चालते व्हा’ असा हुकूम. शेवटी डार्विनने एप्रन उलगडून पाहिला. त्यावर लोणच्याच्या रसाचे डाग!

उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणाऱ्या या माणसाने आपल्या बाळाचं रडणं, हसणं, लबाडी सगळं टिपून ठेवलं होतं. १८७७ मध्ये ‘माइंड’ या नियतकालिकात त्याने ते छापलंही. पोरांनी त्याची परतफेड आपल्या परीने केली. ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’च्या हस्तलिखिताच्या एका पानामागे डार्विनच्या एका मुलाने फळं आणि भाज्यांच्या सैन्याची लढाई रंगवली आहे. ते पान आजही जपून ठेवलेलं आहे. हॉलच्या भिंतीवर खडूने रेल्वे काढणाऱ्या मुलांच्या आईवडिलांनी ही माहिती जरूर लक्षात ठेवावी.

मुलं सगळ्यात गमतीशीर दिसतात, ती बहुधा त्यांचं डोकं सगळ्यात जोरात चालत असतं तेव्हा. लोणच्याचंच घ्या.

मी नाही खाल्ला लाडू!

मुलाच्या पाठीमागे एक खेळणं ठेवायचं, ‘वळून बघायचं नाही’ असं बजावायचं आणि खोलीबाहेर जायचं. संशोधकांनी हा प्रयोग अनेकदा केलाय. बहुतेक मुलं वळून बघतात आणि त्यातली बरीच ‘नाही बघितलं’ म्हणून सांगतात. थाप मारायला एक गोष्ट आधी उमजावी लागते: मला जे ठाऊक आहे ते आईला ठाऊक नाही. तिसऱ्या-चौथ्या वर्षी हे उमजणं ही मोठी झेप आहे. पण थाप निभावणं अजून जमत नाही. ‘बघितलं नाहीस ना? मग काय असेल बरं तिथे?’ असं विचारलं, की पाचाच्या आतली बरीच मुलं खेळण्याचं नाव सांगून मोकळी होतात. घरातही हेच. ‘मी नाही खाल्ला’ म्हणणाऱ्या मुलीला आजीने सहज विचारावं, ‘लाडू कसा झालाय गं?’ उत्तर लगेच येतं, ‘मस्त झालाय!’

पडदा, पाय आणि मी

लपाछपी म्हणजे तर कळसच. तीन वर्षांचा गडी पडद्यामागे लपलाय. पडद्याखालून दोन्ही पाय दिसताहेत, अंगठे हलताहेत, पडद्याला मध्येच हसण्याचे गचके बसताहेत. ‘कुठे गेला बाई आमचा सोन्या?’ असं कुणी म्हटलं की आतून खणखणीत आवाज येतो, ‘मी इथे नाहीये!’ दुसरी रीत आणखी सोपी: खोलीच्या मध्यभागी उभं राहायचं आणि दोन्ही हातांनी डोळे झाकायचे.

केंब्रिज विद्यापीठात जेम्स रसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचाच छडा लावला. त्यांचं संशोधन २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं. तीन-चार वर्षांच्या मुलांचे डोळे झाकून विचारलं, ‘तू मला दिसतोस का?’ बहुतेकांचं उत्तर ‘नाही’. इथवर वाटेल, मला अंधार म्हणजे जगाला अंधार, असा मुलांचा हिशेब असेल. पण पुढचा प्रश्न होता, ‘तुझं अंग दिसतंय का?’ त्यावर बऱ्याच मुलांनी ‘हो’ म्हटलं. अंग दिसतं, पण मी दिसत नाही! मुलांच्या लेखी ‘मी’ भेटतो तो नजरेला नजर भिडली की. एखाद्या कीर्तनकाराने पूर्वरंगात निरूपणाला घ्यावा इतका सुंदर हा विचार आहे, आणि तो करणाऱ्याला अजून शर्टाची बटणं लावता येत नसतात.

या वयात फोनवर आजीने ‘जेवलास का?’ विचारलं की बाळ नुसती मान डोलावतं. आजीला ते दिसत नाही, हे त्याच्या गावीही नसतं. न्यू जर्सीतला नातू साताऱ्याच्या आजीला व्हिडिओ कॉलवर उष्टं बिस्किट भरवायला जातो, आणि आजी खरंच ‘आ’ करते. मला या दोघांचंही वागणं तितकंच शहाणपणाचं वाटतं.

दादाला दोन, मला एकच

जेवताना भोकाड पसरलं जातं: दादाच्या ताटात दोन पोळ्या, माझ्या ताटात एक. आजी शांतपणे त्या एका पोळीचे दोन तुकडे करते. ‘घे, तुलाही दोन.’ भोकाड बंद. या युक्तीमागचं शास्त्र स्वित्झर्लंडच्या जाँ पियाजेने मांडलं. त्याच्या अभ्यासाचा काही भागही स्वतःच्या तीन मुलांकडे तासन्‌तास बघण्यातून आला होता. बुटक्या भांड्यातलं सरबत मुलाच्या डोळ्यांदेखत उंच, निमुळत्या ग्लासात ओतलं तरी ते ‘जास्त झालं’ असंच लहान मूल सांगतं. आकार बदलला म्हणून प्रमाण बदलत नाही, ही समज साधारण सहाव्या-सातव्या वर्षी येते. तोवर आजीचं राज्य.

झटपट थोडं

चालायला लागलेल्या बाळांची पावलं न्यूयॉर्कच्या कॅरन अडॉल्फ यांच्या चमूने मोजली. तासाला सरासरी २,३६८ पावलं आणि १७ वेळा पडणं! आपल्याकडे दर पडण्याला एक ‘मुंगी मेली’ धरली, तर मुंग्यांचं काही खरं नाही.

गालावरची तीट आरशातल्या बाळाच्या गालावर आहे की आपल्या? ब्यूला ॲमस्टरडॅम यांनी १९७२ मध्ये बाळांच्या नाकाला लाल रंग लावून हेच तपासलं. दीड-दोन वर्षांच्या आसपास मुलं आरशात बघून स्वतःच्या नाकाला हात लावायला लागतात. त्याआधी आरशातलं ते दुसरंच कुणी बाळ असतं, आणि त्याची पापी घेता येते.

दीड ते अडीच वर्षांची मुलं काडेपेटीएवढ्या मोटारीत पाय घालून बसायचा मनापासून प्रयत्न करतात. भातुकलीतल्या खुर्चीवरही बूड टेकवतात. २००४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात याची रीतसर नोंद झाली.

‘बाबा ऑफिसला जाला’, ‘मी करलं’. घरात असं कुणीच बोलत नाही, म्हणजे ही नक्कल नव्हे. बसला, उठला, पळाला यांवरून मुलाने स्वतः नियम काढला आणि लावला. ‘हो रे, गेला बाबा’ एवढं म्हटलं तरी पुरतं. चूक काढत बसू नये.

गॅलरीतले मदतनीस

घरकामात मुलं लुडबुड करतात असं आपण म्हणतो. २००६ मध्ये फेलिक्स वार्नेकन आणि मायकल टोमासेलो यांनी दीड वर्षाच्या बाळांसमोर कपडे वाळत घालायचं नाटक केलं. हातातला चिमटा खाली पडला आणि वाकूनही हाताला येईना, की बाळं आपण होऊन जात, चिमटा उचलत आणि हातात देत. कुणी सांगितलं नव्हतं, बक्षीसही नव्हतं. चिमटा मुद्दाम खाली टाकला, तर मात्र ती सहसा उचलायला जात नसत! पडलेलं आणि टाकलेलं यातला फरक दीड वर्षाच्या जिवाला कळतो. दोन वर्षांनी त्याच दोघांनी पाहिलं, की मदतीबद्दल खेळणं बक्षीस मिळालेली मुलं पुढे मदत कमी करू लागली. म्हणून घडी विस्कटली तरी चालेल, पण रुमालांच्या घड्या घालायचं काम त्यांना द्यावं, आणि चॉकलेटचं आमिष दाखवू नये.

बर्कलीत झालेला ब्रोकोलीचा प्रयोग याच वयाचा. बेट्टी रेपाचोली आणि ॲलिसन गॉपनिक यांनी १९९७ मध्ये तो प्रसिद्ध केला. प्रयोग करणाऱ्या बाईंनी ब्रोकोली ‘वा, वा’ करत खाल्ली, बिस्किटं तोंड वाकडं करत, आणि मग ‘मला दे’ म्हणून हात पुढे केला. चौदा महिन्यांच्या बाळांनी स्वतःला आवडणारी बिस्किटंच दिली. अठरा महिन्यांच्या बाळांनी ब्रोकोली दिली. त्यामुळे लेकीने बाबांच्या ताटात आपणहून कारल्याची फोड ठेवली, तर त्या माऊलीला बाबांची आवड कळली म्हणून बाबांनी ती आनंदाने खावी.

पुन्हा तीच गोष्ट

चिऊताईचं घर मेणाचं, काऊचं शेणाचं. रोज रात्री हीच गोष्ट, आणि आजीने झोपेच्या भरात बाळाला तीट लावायचं वगळलं की अंथरुणातून तक्रार. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठात जेसिका हॉर्स्ट यांनी २०११ मध्ये दाखवलं, की तेच नवे शब्द वेगवेगळ्या गोष्टींतून ऐकण्यापेक्षा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकणारी तीन वर्षांची मुलं ते शब्द जास्त चांगले लक्षात ठेवतात. पहिल्यांदा ऐकताना पुढे काय होणार यातच जीव अडकलेला असतो. ते पाठ झालं, की कान शब्दांकडे वळायला मोकळे.

आणि मग ‘का?’

प्रश्नांची सरबत्ती थांबवायला आपण ‘असंच असतं’ म्हणतो. संशोधन सांगतं, की कारण मिळालं तर मूल मान डोलावतं किंवा पुढचा प्रश्न विचारतं, आणि टोलवाटोलवी झाली तर तोच प्रश्न पुन्हा येतो. म्हणजे खरं उत्तर देणं सोयीचंही आहे. रात्रीच्या प्रवासात गाडीच्या खिडकीतून येणारा प्रश्न ठरलेला: चंद्र आपल्याबरोबर का येतोय? पियाजेनेही मुलांकडून हे नोंदवून घेतलंय. उत्तर असं: झाडं जवळ आहेत म्हणून मागे पडतात. चंद्र सुमारे ३,८४,००० किलोमीटर लांब आहे, त्यामुळे आपण दहा-वीस किलोमीटर गेलो तरी तो होता त्याच दिशेला दिसतो.

चार वर्षांच्या मुलीला एवढं सगळं समजावून सांगितलं, की ती थोडा वेळ विचार करते आणि विचारते, ‘मग समोरून येणाऱ्या गाडीबरोबर कोण जातंय?’