पापणी मिटते, गाठ छातीत

आषाढात भंडारा जिल्ह्यात रोवणी लागली की कंबर मोडतेच. त्या थकव्याचे कोणाला नवल वाटत नाही. पण सकाळी नीट उघडणारी पापणी संध्याकाळी खाली येत असेल, एकाचे दोन दिसत असतील, जेवताना जबडा दमत असेल, तर तो थकवा शेताचा नाही. ही मायस्थेनिया ग्रॅव्हिस या स्नायू दमवणाऱ्या आजाराची लक्षणे असू शकतात. या आजाराच्या शंभरातल्या दहा ते पंधरा रुग्णांच्या छातीत थायमस ग्रंथीची गाठ, म्हणजे थायमोमा, सापडतो.

थायमस कुठे असते?

छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या पुढ्यात. लहानपणी ती मोठी असते, वयात आल्यावर आक्रसते. संसर्गाशी लढणाऱ्या टी-पेशी इथे घडतात. प्रतिकारशक्तीला थायमस लागते, हे संशोधक जॅक मिलर यांनी १९६१ साली दाखवले. थायमोमा वर्षाला दहा लाखांत एखाद-दुसऱ्यालाच होतो. त्या हिशेबाने बारा लाखांच्या या जिल्ह्यात वर्षाकाठी एखाद-दुसरा रुग्ण.

निदान

मिटलेल्या पापणीवर दोन मिनिटे बर्फ ठेवला आणि ती वर उचलली गेली, तर मायस्थेनियाचा संशय बळावतो. ही चाचणी गावच्या दवाखान्यातही होते. पुढे रक्ततपासणी आणि छातीचा सीटी स्कॅन. गाठ नीट आखीव, काढण्याजोगी दिसत असेल तर आधी सुई टोचून तुकडा घेणे सहसा टाळतात, कारण आवरण फुटून पेशी सांडण्याचा धोका असतो. दुसऱ्या प्रकारच्या गाठीची शंका असेल तर मात्र सुई लागते.

दुर्बिणीने शस्त्रक्रिया

१९३६ साली अमेरिकेत आल्फ्रेड ब्लेलॉक यांनी छातीचे हाड चिरून अशी गाठ काढली. आजही मोठ्या किंवा रक्तवाहिन्यांत घुसलेल्या गाठीला तोच मार्ग. लहान गाठीसाठी दुर्बीण आणि अवजारे घालायला बरगड्यांमधून तीन-चार छिद्रे पुरतात. त्या बाजूचे फुप्फुस थोडा वेळ मिटवून ठेवतात, श्वासपडद्याची नस जपतात आणि गाठ आसपासच्या चरबीसह, न फोडता, पिशवीत घालून काढतात. हेच ऑपरेशन रोबोटच्या मदतीनेही होते; त्यात अवजारे मनगटासारखी वळतात. अरुंद जागेत त्याचा उपयोग होतो. हाड न चिरल्याने रुग्ण लवकर घरी जातो. हातावर पोट असलेल्याला याचे मोल अधिक. तरी छिद्रे किती लहान यापेक्षा गाठ अखंड निघाली का, हे आधी विचारावे.

मायस्थेनिया असेल तर तो औषधांनी आटोक्यात आणूनच ऑपरेशन करतात, नाहीतर नंतर श्वास अडकू शकतो. काही अँटिबायोटिक्सनीही त्रास वाढतो. म्हणून आजाराचे नाव प्रत्येक डॉक्टरला सांगावे.

जायचे कुठे?

भंडाऱ्याहून नागपूर साठेक किलोमीटर. तिथे छातीचे सर्जन, न्यूरॉलॉजिस्ट आणि भूलतज्ज्ञ एकत्र काम करतात अशी जागा शोधावी. गुंतागुंतीच्या गाठीसाठी मुंबईचे टाटा मेमोरियल आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत हे ऑपरेशन बसते का, हे त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावे.

थायमोमा दहा वर्षांनंतरही फुप्फुसाच्या आवरणावर उगवू शकतो. म्हणून टाके सुकले तरी स्कॅनची सीडी आणि गाठीचा अहवाल सातबाऱ्याशेजारी, त्याच पेटीत ठेवावा.