दंड झालेला मुलगा आणि त्याच्या खापरपणजोबांची शेती

आज साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वीची एक तक्रार वाचू या. तारीख आहे 28 ऑक्टोबर 1659. ठिकाण, इंग्लंडच्या लिंकनशर परगण्यातलं कोल्स्टरवर्थ गाव. तिथल्या न्यायसभेत सोळा वर्षांच्या एका मुलाला दंड झाला. त्याच्या मेंढ्या भलत्याच रानात शिरल्या आणि त्यांनी नासधूस केली, म्हणून 3 शिलिंग 4 पेनी. त्याची डुकरं धान्याच्या शेतात घुसली, म्हणून 1 शिलिंग. आणि त्यानं कुंपण मोडकंच ठेवलं, म्हणून आणखी 1 शिलिंग!

त्या काळी 12 पेनींचा एक शिलिंग आणि 20 शिलिंगांचा एक पौंड होई. म्हणजे एकूण दंड झाला 5 शिलिंग 4 पेनी. मेंढ्या राखायला पाठवलेला हा मुलगा करत तरी काय होता? लोक सांगत, की तो झाडाखाली पुस्तक घेऊन बसायचा, नाहीतर ओढ्यावर लाकडी चक्र्या फिरवून बघायचा.

ओळखलंत का? त्या मुलाचं नाव होतं आयझॅक न्यूटन. गुरुत्वाकर्षणाचा नियम मांडणारा, पांढऱ्या प्रकाशात दडलेले रंग दाखवणारा तोच न्यूटन!

त्याच्या शोधांबद्दल तुम्ही शाळेत शिकताच. आज आपण वेगळा शोध घेऊ. मेंढ्या सांभाळणाऱ्या या मुलाचं घराणं कुठलं? त्या मेंढ्या आणि ती शेतं त्यांच्याकडे आली कुठून? गंमत म्हणजे न्यूटनच्या वडिलांना स्वतःची सहीसुद्धा करता येत नव्हती. त्यांच्या आधीच्या पिढ्यांचंही तेच. मग ज्यांनी स्वतः एक अक्षर लिहिलं नाही, त्यांचा इतिहास आपल्याला कळतो कसा?

योमन म्हणजे कोण?

त्या काळच्या इंग्लंडमधल्या खेड्यात लोकांच्या पायऱ्या ठरलेल्या असत. सगळ्यांत खाली मजूर. त्यांच्या वर छोटे शेतकरी, त्यांना हजबंडमन म्हणत. त्यांच्याहून वर होते योमन. हे खातेपीते शेतकरी. त्यांच्याकडे बरीच जमीन असे, कामाला गडी असत, पण ते स्वतःही शेतात राबत. आणि सर्वांत वर जेंटलमन आणि उमराव, म्हणजे जमिनीच्या उत्पन्नावर जगणारे, स्वतःचं मानचिन्ह मिरवणारे लोक.

जमिनीला किती महत्त्व होतं बघा. 1430 मध्ये इंग्लंडच्या संसदेनं कायदा केला, की ज्याच्या मालकीच्या जमिनीचं वर्षाचं उत्पन्न निदान 40 शिलिंग आहे, त्यालाच परगण्याच्या निवडणुकीत मत देता येईल. म्हणजे जमीन नुसतं पोट भरत नसे. गावात तुमचा शब्द किती चालतो, तेही तीच ठरवी.

न्यूटन घराणं योमन होतं. पण ते सुरुवातीपासून योमन नव्हतं. ही पायरी ते कसं चढलं, ते आता कागदांनाच विचारू.

पहिला पुरावा: कराची यादी

कर गोळा करणारा माणूस इतिहास लिहायला बसत नाही. पण कोणी किती पैसे दिले, हे तो नीट टिपून ठेवतो. 1524 मध्ये राजा आठवा हेन्री यानं कर बसवला. ग्रँथम शहराजवळच्या वेस्टबी या खेड्यातून वीसेक लोकांनी तो भरला. त्यांत एक नाव आहे सायमन न्यूटन. त्यानं भरले किती? 4 पेनी! याहून कमी कर कुणालाच नव्हता. त्याच यादीतल्या सर्वांत श्रीमंत माणसानं भरले 16 पौंडांहून जास्त. आता हिशेब करा. 16 पौंड म्हणजे 3,840 पेनी. सायमनच्या 4 पेनींच्या तब्बल 960 पट!

आता वीस वर्षं पुढे येऊ. 1544 च्या कराच्या यादीत वेस्टबीतली चारच नावं आहेत. त्या चारांपैकी दोघे न्यूटन, आणि दोघांचंही नाव जॉन! तळाशी असलेलं घराणं गावातल्या पहिल्या चारांत आलं होतं.

इथे जरा थांबा. सायमन हा थोरल्या जॉनचा बाप असावा असा अंदाज आहे. गाव तेच, आडनाव तेच आणि काळही जुळतो. पण ‘जॉन हा सायमनचा मुलगा’ असं ही यादी सांगत नाही. यादीत फक्त नाव आणि रक्कम असते, नातं नसतं. म्हणून शोध घेणारा माणूस वंशावळ काढताना इथे सरळ रेघ ओढत नाही. तो ठिपक्यांची रेघ ओढतो आणि पुढचा पुरावा शोधतो.

दुसरा पुरावा: मृत्युपत्र

नाती सांगतं ते मृत्युपत्र. कोणती गाय कुणाला, कोणतं शेत कुणाला, हे सांगायचं म्हणजे ‘माझा मुलगा अमुक, माझी मुलगी तमुक’ असं नाव घेऊनच सांगावं लागतं. म्हणून एका गावात तीन-तीन जॉन न्यूटन असले, तरी मृत्युपत्रं समोर ठेवली की गुंता सुटू लागतो. प्रत्येक जॉनची मुलं वेगळी, शेतं वेगळी आणि मृत्यूचं वर्षही वेगळं.

मृत्युपत्रात माणूस स्वतःचा दर्जाही लिहून घेई. 1562 सालच्या मृत्युपत्रात एक जॉन न्यूटन स्वतःला हजबंडमन म्हणवतो. पुढच्या पिढीतला जॉन मात्र योमन म्हणून मरतो. एका पिढीत घर एक पायरी वर चढलं, आणि ते आपल्याला कागदावरच्या एका शब्दावरून कळलं!

याच सुमारास वेस्टबीच्या न्यूटनांनी जवळच्या वुल्सथॉर्प वाडीत मोठी शेती घेतली. शंभराहून अधिक एकर, त्यातली साठेक एकर नांगराखालची. तिथे घराण्यातला रिचर्ड राहायला गेला. हा रिचर्ड म्हणजे आपल्या आयझॅकचा पणजोबा, आणि वेस्टबीचा जॉन हा खापरपणजोबा.

तिसरा पुरावा: मेंढ्यांची मोजदाद

त्या काळी माणूस वारला, की शेजारचे तीन-चार जाणते लोक त्याच्या घरी येत. खाट, भांडी, नांगर, पोत्यांतलं धान्य, गोठ्यातली जनावरं, सगळं पाहून ते प्रत्येक वस्तूची किंमत ठरवत आणि यादी करून धर्मन्यायालयात देत. लिंकनच्या दफ्तरखान्यात अशा असंख्य याद्या जपून ठेवल्या आहेत.

पणजोबा रिचर्ड 1588 मध्ये वारला, तेव्हा त्याच्याकडे 50 मेंढ्या होत्या. आजोबा रॉबर्टनं शेती आणखी वाढवली. 1623 मध्ये त्यानं वुल्सथॉर्पचा मॅनर विकत घेतला. मॅनर म्हणजे नुसती जमीन नव्हे. त्या वाडीतल्या कुळांकडून खंड घेण्याचा आणि तिथली न्यायसभा भरवण्याचा मानही त्याबरोबर येई. 1639 मध्ये रॉबर्टनं ही सगळी मालमत्ता मुलाच्या नावे केली. या मुलाचं नावही आयझॅकच.

हा थोरला आयझॅक ऑक्टोबर 1642 मध्ये वारला. लग्न होऊन अवघे सहा महिने झाले होते. त्याच्या यादीत 234 मेंढ्या आणि 46 गुरं होती. जमीन सोडून बाकीच्या मालाची किंमत झाली 459 पौंड 12 शिलिंग 4 पेनी! 50 मेंढ्यांवरून 234 मेंढ्या, तेही दोन पिढ्यांत.

पण ही यादी वाचताना तारीख विसरू नका. ऑक्टोबर म्हणजे नुकतीच सुगी झालेली. कोठारं धान्यानं आणि गवतानं भरलेली. हीच यादी मे महिन्यात केली असती, तर कोठारं रिकामी होत आली असती आणि आकडा लहान दिसला असता. म्हणून आकडा वाचताना तो कधी मोजला, हेही वाचायचं. प्रयोगशाळेतही आपण हेच करतो ना?

एवढी मालमत्ता असलेल्या या माणसानं आपल्या मृत्युपत्राखाली सही केली नाही, नुसती खूण केली.

चौथा पुरावा: चर्चची वही

1538 मध्ये इंग्लंडमध्ये हुकूम निघाला, की प्रत्येक चर्चनं गावातले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं वहीत लिहून ठेवावीत. कोल्स्टरवर्थच्या वहीत आयझॅक आणि हॅना न्यूटन यांच्या मुलाचा बाप्तिस्मा नोंदलेला आहे. बाळ जन्मलं 25 डिसेंबर 1642 ला, वडील वारल्यावर सुमारे तीन महिन्यांनी. इतकं नाजूक, की ते जगेल असं कुणाला वाटलं नव्हतं.

आई हॅना ही आयस्कफ घराण्यातली. हे घराणं न्यूटनांहून वरच्या पायरीवरचं. त्यांच्याकडे शिक्षण होतं. हॅनाचा भाऊ विल्यम केंब्रिजमध्ये शिकलेला धर्मगुरू होता. लग्नात हॅनानं शेजारच्या परगण्यातल्या स्यूस्टर्न गावची जमीन आणली. तिचं उत्पन्न वर्षाला 50 पौंड होतं. पुढे तिनं दुसरं लग्न केलं, तेव्हाही आपल्या पहिल्या मुलाच्या नावे जमीन लावून घेतली आणि वुल्सथॉर्पचं घर दुरुस्त करवून घेतलं. छोट्या आयझॅकला मात्र आजीजवळ ठेवून ती गेली. जमिनीच्या कागदांत हे सगळं व्यवस्थित लिहिलेलं आहे. तीन वर्षांच्या मुलाला काय वाटलं असेल, ते कुठल्याच कागदात नाही. पुरावे असेही असतात. पैसे मोजतात, पण रडू मोजत नाहीत.

ही सगळी शेती पुढे आयझॅकनं सांभाळावी, म्हणून आईनं त्याला शाळेतून काढलं आणि मेंढ्यांमागे पाठवलं. त्यातूनच तो दंड झाला! शेवटी मामा विल्यम आणि ग्रँथमच्या शाळेचे मुख्याध्यापक हेन्री स्टोक्स यांनी हॅनाची समजूत घातली. 1661 मध्ये आयझॅक केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गेला. प्लेगमुळे 1665 मध्ये विद्यापीठ बंद झालं, तेव्हा तो परत आला तो याच वुल्सथॉर्पच्या घरी. इथेच त्यानं लोलकातून प्रकाश सोडून पाहिला. इथल्याच बागेत ते प्रसिद्ध सफरचंदाचं झाड होतं. ते झाड 1820 मध्ये वादळात पडलं आणि मुळापासून पुन्हा फुटलं. त्याच्या वंशातली रोपं जगभर गेली. आपल्या पुण्याच्या ‘आयुका’ या संस्थेच्या आवारातही ती लावली होती.

न्यूटननं स्वतःच शोधले पूर्वज

1705 मध्ये राणी ॲननं न्यूटनला ‘सर’ ही पदवी दिली. मग मानचिन्ह हवं, आणि त्यासाठी वंशावळ हवी. सूर्य आणि ग्रहांचं गणित सोडवणारा न्यूटन आता पणजोबांच्या मागे लागला! वंशावळीचे कच्चे खर्डे त्यानं स्वतःच्या हातानं लिहिले आणि धागा वेस्टबीच्या जॉनपर्यंत नेला. त्याचं मानचिन्ह होतं काळ्या ढालीवर फुलीसारखी ठेवलेली नडगीची दोन पांढरी हाडं.

पुढे दोनशेहून अधिक वर्षांनी सी. डब्ल्यू. फॉस्टर या धर्मगुरूंनी लिंकनशरचे जुने कागद उलगडले आणि 1928 मध्ये न्यूटन घराण्याचा अभ्यास छापला. राजेरजवाड्यांचा इतिहास लिहिणारे पुष्कळ होते. फॉस्टर आणि त्यांचे सोबती खेड्यापाड्यांतल्या मृत्युपत्रांना जपत बसले, म्हणून आज 4 पेनी भरणारा सायमन आपल्याला माहीत आहे. मला हे फार मोलाचं वाटतं. अक्षरओळख नसलेल्या चार पिढ्यांनी एकरामागून एकर जोडले, मेंढीमागून मेंढी वाढवली. म्हणूनच एका मुलाला मेंढ्या सोडून पुस्तक हाती घेणं परवडलं. न्यूटनच्या शोधांमागे त्यांचेही कष्ट आहेत.

करून पाहा

एक मोठा कागद घ्या आणि आपल्या घराण्याची वंशावळ काढा. आजी-आजोबांना विचारा. घरात शाळा सोडल्याचा दाखला, लग्नपत्रिका, रेशनकार्ड, सातबारा, असं काही असेल तर मोठ्यांच्या परवानगीनं बघा. नियम दोनच. ज्या नात्याला लेखी पुरावा आहे, तिथे सरळ रेघ. जे फक्त ऐकलं आहे, तिथे ठिपक्यांची रेघ. आणि प्रत्येक कागदाला तीन प्रश्न विचारा: तो कुणी लिहिला, कधी लिहिला, कशासाठी लिहिला?

आणखी एक करा. वंशावळीत आज्या, पणज्या आणि आत्यांची नावंही लिहा. जुन्या कागदांत ती कमी सापडतात, म्हणून त्यांचा शोध आधी सुरू करा. ठिपक्यांची एखादी रेघ सरळ करता आली, तर कोणत्या कागदामुळे आली, ते शेजारी नक्की लिहून ठेवा. पन्नास वर्षांनी तुमच्या घरातलं कुणीतरी तुमचा कागद पुरावा म्हणून उघडणार आहे!