डोंबिवलीच्या बांधावरचा पळस

मार्च लागला की पूर्व द्रुतगती मार्गावर विक्रोळीजवळ फुललेल्या गुलाबी टॅबेबुइयाचे फोटो आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर येऊन पडतात. यंदाही पडले. त्याच आठवड्यात कल्याण-शीळ रस्त्यालगतचा, माझ्या ओळखीचा उरलासुरला एक पळस पाडला गेला; त्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. टॅबेबुइया मध्य अमेरिकेतून आलेला पाहुणा आहे, दिसतोही देखणा. त्याच्याशी माझं भांडण नाही. फोटोखाली ‘आपल्याकडे असला बहर कुठला?’ असं लिहिणाऱ्यांशी आहे.

आगगाडी 1853 साली ठाण्याला आली, पुढच्या वर्षी कल्याणला. डोंबिवलीला स्टेशन मिळालं 1887 मध्ये. साठच्या दशकात एमआयडीसी आली. ठाण्याची महापालिका 1982 ची, कल्याणची 1983 ची. या शंभर-सव्वाशे वर्षांत पळसाचं फार काही बिघडलं नाही, कारण तो मुळातच चिवट. शेळ्या-गुरं त्याच्या वाटेला फारशी जात नाहीत. वणवा येऊन गेला तरी मुळांतून धुमारे फुटतात, सरपणाला तोडला तरी फुटतात. खारवट, पाणी साचणारी, दुसऱ्या झाडाला न मानवणारी जमीनही त्याला चालते.

बिघडायला लागलं ते नव्वदच्या दशकात, मी ज्यात वावरलो त्या. तेव्हा डोंबिवली पूर्वेला स्टेशनपासून थोडं चालत गेलं की नांदिवली, भोपर, घारिवली, काटई या गावांची भातशेती सुरू व्हायची. भात कापून झालेलं, शेतं करडी पडलेली आणि बांधावर पळस. फेब्रुवारीअखेर पानं गळून जात, नुसता वेडावाकडा सांगाडा उरे आणि त्या सांगाड्याला काळ्या मखमली कळ्या येत. मग आठ-दहा दिवसांत सगळं झाड केशरी. सकाळी सातच्या सुमाराला तिथे मैना, साळुंक्या, बुलबुल आणि जांभळ्या शिंजीरांचा असा कालवा चालायचा की उभ्या उभ्या ऑफिसची लोकल चुकावी. फुलाला वास नाही, पण मध भरपूर. होळीच्या आदल्या रात्री आमच्या चाळीत फुलं बादलीत भिजत पडायची आणि सकाळी उकळली की पिवळाकेशरी रंग तयार. आता पळसाच्या फुलाचं चित्र छापलेली ‘हर्बल’ रंगाची पुडी दुकानात मिळते. आत काय असतं, देव जाणे.

पाहायला बांधावर न जाणाऱ्यांच्या घरीही पळस रोज येत होता. कसाऱ्याच्या लोकलने आदिवासी बायका पानांचे भारे घेऊन उतरायच्या आणि फुलवाल्याकडची पुडी त्याच पानात बांधून मिळायची. मुंजीत बटूच्या हातातला दंड पळसाचा, होमातल्या समिधा पळसाच्या, बाळंतिणीच्या लाडवातला कमरकस म्हणजे पळसाचाच डिंक. लग्नाच्या पंगतीला पत्रावळ आणि द्रोण. पंगती बुफे झाल्या आणि पत्रावळीच्या जागी थर्माकोलच्या ताटल्या आल्या, त्याही याच दशकात. किती आधुनिक वाटलं होतं सगळ्यांना! त्या ताटल्यांनी नाले तुंबवल्यावर 2018 मध्ये सरकारने प्लास्टिकबरोबर त्यांच्यावरही बंदी घातली.

पण पळसाला खरा धक्का कुऱ्हाडीने दिला नाही. तो दिला झाडं लावणाऱ्यांनी, म्हणजे आम्हीच. नव्या इमारतींपुढे गुलमोहर आणि सोनमोहर, टेकड्यांवर गिरिपुष्प, सुबाभूळ आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ. गुलमोहर मादागास्करचा आणि गिरिपुष्प मेक्सिकोकडचं, पण झटपट वाढतात, नर्सरीत पिशवीतून मिळतात, पाहुण्यांच्या हस्ते लावायला सोयीचे. एका रस्त्याच्या कामात येणारे पळस वाचवा, असा अर्ज घेऊन मी तेव्हा एका सरकारी कचेरीत गेलो होतो. टेबलामागचे गृहस्थ समजूतदार होते. म्हणाले, “काका, ते जंगली झाड आहे हो. त्याजागी आम्ही शोभेची लावू.” लावलीही. पहिल्याच पावसाळ्यात त्यातली दोन रस्त्यावर आडवी झाली.

त्यानंतरचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात रस घ्यावा असं काही नाही. डोंबिवलीभोवतालची 27 गावं 2002 मध्ये कल्याणच्या महापालिकेतून बाहेर गेली आणि 2015 मध्ये परत आली. मधल्या काळात बांधही गेले आणि शेतंही. 2016 मध्ये राज्याने एका दिवसात 2 कोटी झाडं लावायचं ठरवलं, मग 4 कोटी, 13 कोटी आणि 2019 मध्ये 33 कोटी. आकडे वाढले, पण आमच्या रस्त्यांवर एकही नवा पळस मला दिसला नाही. झाडांच्या संरक्षणाच्या कायद्यातल्या 2021 च्या दुरुस्तीने शहरांतल्या 50 वर्षांवरच्या झाडांना वारशाचा दर्जा दिला. चांगलंच झालं. पण बांधावर पुन्हा पुन्हा तोडला गेलेला, मनगटाएवढ्या फांद्यांचा पळस आपलं वय कोणाला दाखवणार? सर्वेक्षणाला आलेल्या माणसाला ते झुडूपच वाटतं.

पळस अजून पाहायचा असेल तर येऊरला जा, उंबार्लीच्या टेकडीवर जा किंवा होळीच्या आधी मुरबाड रस्ता धरा. आणि ज्यांच्या सोसायटीला कुंपणाकडेची चार हात मोकळी माती आहे, त्यांच्याशी माझं काम आहे. मे महिन्यात झाडाखाली चपट्या शेंगा पडतात, प्रत्येकीच्या टोकाला एकच बी असतं, तीच पळसपापडी. बी जुनं झालं की रुजत नाही, म्हणून त्याच वर्षीचं घ्या. पिशवीत रोप करत बसू नका. सोटमूळ खोल जातं आणि काढून लावताना दुखावतं. पावसाच्या तोंडावर बी थेट जमिनीत टोचा. पहिली काही वर्षं तो काहीच करत नाहीसा वाटेल. तेवढ्यात समितीतलं कोणी तिथे पेव्हर ब्लॉक बसवायचा ठराव आणेल, त्याला विरोध करा.