गव्हर्नर हचिन्सन : समज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या इतिहासात मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर थॉमस हचिन्सन यांची गाठ पडते ती बहुधा खलनायक म्हणूनच. आणि विलायतेहून रयतेवर लादलेला परका सुभेदार अशी त्यांची जी प्रतिमा वाचकाच्या मनात उभी राहते, ती पहिल्याच चौकशीत कोसळते. हचिन्सन १७११ साली बोस्टनमध्येच जन्मले. त्यांचे घराणे तोवर पाऊण शतक त्या भूमीवर नांदत होते, आणि धर्ममताच्या वादात त्याच वसाहतीने हद्दपार केलेल्या ॲन हचिन्सन या त्यांच्या खापरपणजी होत. आपल्या प्रांताचा इतिहास त्यांनी अस्सल दस्तऐवज वर्षानुवर्षे जमवून लिहिला.

दुसरा समज अधिक क्रूर आहे. वसाहतींवर कर बसविणाऱ्या १७६५ च्या स्टँप कायद्याचे ते पुरस्कर्ते होते, असे मानून २६ ऑगस्टच्या रात्री जमावाने त्यांचे घर लुटले आणि भिंतींपर्यंत उद्ध्वस्त केले. कन्येने वडिलांना सोडून जाण्याचे नाकारल्यामुळेच ते तिच्यासह घराबाहेर पडले, आणि इतिहासाचे हस्तलिखित चिखलात विखुरले, ते एका धर्मोपदेशकाने वेचून वाचविले. वस्तुतः हा कर अन्याय्य आणि व्यापाराला घातक आहे, असे हचिन्सन यांनी खाजगीरीत्या स्पष्ट लिहून ठेवले होते. मात्र पार्लमेंटने एकदा कायदा केला की तो पाळलाच पाहिजे, कारण सार्वभौम सत्तेचे दोन वाटे होऊच शकत नाहीत, ही त्यांची श्रद्धा होती, आणि कराला विरोध व कायद्याला मान्यता हा भेद संतप्त जमावाच्या गळी उतरणे शक्य नव्हते.

त्यांच्या गुप्त पत्रांनी देशाचा घात केला, हा आरोपही तपासून घेतला पाहिजे. बेंजामिन फ्रँकलिन यांनी लंडनहून धाडलेली ही पत्रे १७७३ मध्ये बोस्टनला छापली गेली, आणि प्रांतिक सभेने गव्हर्नरांच्या बडतर्फीची मागणी केली. परंतु प्रांताची राज्यघटना बदलण्याच्या सूचना त्या पुडक्यात होत्या त्या मुख्यतः त्यांचे साडू अँड्र्यू ऑलिव्हर यांच्या पत्रांत. हचिन्सन यांचे एक वाक्य मात्र खरोखरच जिव्हारी लागणारे होते, दूरच्या वसाहतीत इंग्रजी स्वातंत्र्याला काही प्रमाणात कात्री लागणे अपरिहार्य आहे, अशा आशयाचे. मला ते दुष्टाव्याचे वाटत नाही. ते विषादाने लिहिलेले आहे. पण राज्यकर्त्याने असा विषाद कागदावर उतरविला की रयतेला तो हुकमासारखाच ऐकू येतो.

याचा अर्थ ते निर्दोष होते असा नाही. दुय्यम गव्हर्नर, सरन्यायाधीश, कौन्सिलचे सभासद अशी पदे एकाच वेळी भोगणाऱ्या पुरुषाविषयी लोकांना संशय येणे स्वाभाविक होते. आणि १७७३ च्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीचा (पुढे १७७५ मध्ये राघोबादादांशी सुरतेचा तह करणारी तीच ही कंपनी) चहा बोस्टन बंदरात आला, तेव्हा तो ताब्यात घेणाऱ्या आडत्यांत त्यांचेच दोन पुत्र होते. फिलाडेल्फियाहून चहाचे जहाज माघारी गेले. हचिन्सन यांनी मात्र जकात भरल्याविना परवाना देण्याचे नाकारले, आणि १६ डिसेंबरला विरोधकांनी चहाच्या ३४२ पेट्या समुद्रात फेकल्या. कायदा त्यांच्या बाजूने होता, हे खरे. तथापि कायद्याच्या पलीकडे पाहण्याची वेळ राज्यकर्त्यावर येते तेव्हा त्यांना ते साधले नाही, हा माझ्या मते त्यांचा खरा अपराध होय.

१७७४ च्या जूनमध्ये ते इंग्लंडला गेले, ते सुखोपभोगासाठी, हा शेवटचा समज. त्यांनी बॅरोनेटचा किताब नाकारला, आणि बोस्टननजीकच्या मिल्टन येथील आपल्या घराची व बागेची ओढ त्यांना अखेरपर्यंत राहिली. परत जाण्याची आशा मावळत असताना तिकडे त्यांची मालमत्ता जप्त झाली. १७८० साली लंडननजीक ते वारले. आपल्या इतिहासाचा तिसरा खंड त्यांनी या वनवासातच लिहिला आणि तो नातवाने १८२८ मध्ये प्रसिद्ध केला. ज्यांनी त्यांना देशोधडीस लावले, त्यांच्या कृत्यांचीही हकीकत त्यात संयमाने दिलेली आहे.