डांबरी घाटांतील मोटार-स्पर्धा



मोटारींची शर्यत म्हटली म्हणजे वर्तुळाकार धांवपट्टीवर एकदम सुटलेल्या गाड्या आपल्या डोळ्यांपुढें येतात. 'रॅली' या नांवानें ओळखली जाणारी स्पर्धा याहून अगदीं निराळी आहे. तींत प्रत्येक गाडी ठराविक अंतरानें एकटीच सुटते, आणि तिची झुंज घड्याळाशीं असते. रस्ताही मुद्दाम बांधलेला नसतो. गांवोगांवचे लोक ज्यावरून बाजारास जातात तोच घाटरस्ता त्या दिवसापुरता बंद करून वापरतात.

या जातीची एक मोठी स्पर्धा आपल्या महाराष्ट्रांतूनही गेलेली आहे. १९६८ च्या नोव्हेंबरांत लंडनहून सिडनीस जाण्यासाठीं ९८ मोटारी निघाल्या. दिल्लीपर्यंत तग धरलेल्या गाड्या आग्रा व इंदूर करीत मुंबई-आग्रा रस्त्यानें मुंबईस पोंचल्या, आणि तेथून बोटीनें ऑस्ट्रेलियास गेल्या. मुंबईस रॉजर क्लार्क हा सर्वांच्या पुढें होता. पण सिडनीस विजयी ठरला तो अँड्र्यू कोवन. पुढें असणें आणि शेवटपर्यंत टिकणें या दोन गोष्टी भिन्न आहेत, हें रॅलीचें पहिलें सूत्र त्यावरून दिसून येतें.

पुढें १९७३ सालीं या खेळाची जागतिक अजिंक्यपद-मालिका सुरू झाली. तिच्या फेऱ्या निरनिराळ्या देशांत होतात. कोठें बर्फावर, कोठें मुरुम-खडीवर, तर कोठें डांबरावर. डांबरी फेऱ्यांमध्यें फ्रान्सच्या ताब्यांतील कॉर्सिका बेटावरील फेरी फार प्रसिद्ध आहे. ही स्पर्धा १९५६ पासूनची असून पहिल्याच वर्षीं जिल्बेर्त तिरियों या बेल्जियन स्त्रीनें ती रेनो कंपनीच्या लहानशा गाडींत जिंकली. मधलीं कांहीं वर्षें सोडल्यास २०१९ पर्यंत ती जागतिक मालिकेंत होती. तेथील रस्त्यांस 'दहा हजार वळणांची रॅली' असें नांव पडलें आहे. एका बाजूस कातळ, दुसऱ्या बाजूस दरी! बुलढाण्याहून मलकापुराकडे राजूर घाट उतरलेल्या माणसास त्या वाटेची थोडीबहुत कल्पना करतां येईल.

डांबर गुळगुळीत, म्हणून तें सोपें, असें आपणांस वाटेल. वस्तुस्थिति उलट आहे. खडीवर चाक घसरतें, पण घसरण्यापूर्वीं सूचना देतें. कोरड्या डांबरावर चाकाची पकड घट्ट असते, म्हणून वेग वाढतो. आणि ती पकड सुटली म्हणजे एकाएकीं सुटते. यासाठीं डांबरी फेरींत गाडी जमिनीलगत ठेवतात, ब्रेक मोठे बसवितात, आणि अल्प खांचांचे रुंद टायर लावतात. पाऊस आला तर हेच टायर घातक ठरतात. म्हणून सकाळीं आभाळ पाहून टायर निवडणें हीही एक विद्याच आहे.

आणखी एक चमत्कार पाहा. खडीच्या रस्त्यावर पहिली गाडी सुटी खडी झाडून टाकते व मागच्यांस वाट साफ मिळते. डांबरावर याच्या नेमकें उलटें घडतें. वळण जवळ पडावें म्हणून पुढील गाड्या कडेच्या मातींतून चाक घालतात. ती माती डांबरावर पसरते आणि मागून येणाऱ्यास निसरडें होतें.

गाडींत माणसें दोन असतात. स्पर्धेपूर्वीं हे दोघे वेगाची मर्यादा पाळून रस्ता पाहून घेतात, आणि प्रत्येक वळणाची तीव्रता, अंतर व धोका यांचें टिपण करतात. प्रत्यक्ष स्पर्धेंत शेजारचा सोबती तें टिपण मोठ्यानें वाचतो आणि न दिसणाऱ्या वळणासाठीं चालक आधींच सज्ज होतो. त्याचा वेग डोळ्यांपेक्षां सोबत्याच्या शब्दावर अधिक अवलंबून असतो. एका टप्प्याहून दुसऱ्या टप्प्याकडे जातांना मात्र रस्ता सर्वांस खुला असतो, आणि जगज्जेत्यासही तेथें सामान्य वाहतुकीचेच नियम पाळावे लागतात.

एवढी तयारी असूनही काळ टळत नाहीं. २ मे १९८५ रोजीं कॉर्सिकांत आत्तिल्यो बेत्तेगा हा चालक ठार झाला. बरोबर एक वर्षानें, २ मे १९८६ रोजीं, आघाडीवर असलेला हेन्री टोइव्होनेन व त्याचा सोबती सर्जिओ क्रेस्टो यांची गाडी एका डाव्या वळणावर दरींत जाऊन पेटली, आणि दोघेही गेले. तेव्हां नियामक मंडळानें त्या अतिशक्तिमान गाड्यांचा वर्गच १९८७ पासून बंद केला. शक्ति वाढविणें सोपें. ती आंवरण्याचा नियम मात्र माणसें गेल्यावर सुचतो.

ही गोष्ट आपणांस दूरची नाहीं. २०२२ च्या जूनमध्यें अमरावती-अकोला मार्गावर ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालें व त्याची जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली. तोच महामार्ग पुढें खामगांव, नांदुरा, मलकापूर या आपल्या गांवांवरून जातो. रस्ते उत्तम होत आहेत, याचा आनंदच आहे. परंतु १ जुलै २०२३ च्या रात्रीं सिंदखेड राजाजवळ समृद्धि महामार्गावर प्रवासी बस उलटून पेटली, आणि २५ जीव जळाले. रस्ता नवा होता, रुंद होता. तरी हें घडलें.

आपल्या तरुणांस वेगाचें आकर्षण असणें स्वाभाविक आहे. त्यांनीं या खेळांतून वेगाबरोबर त्याचीं बंधनेंही उचलावीं. स्पर्धकासाठीं रस्ता बंद केलेला असतो, समोरून एस.टी. येत नाहीं, कीं बैलगाडी वळत नाहीं. त्याच्या डोक्यावर शिरस्त्राण असतें, गाडींत पोलादी पिंजरा असतो, वाटेवर वैद्य सज्ज असतो, आणि पुढचें वळण सांगणारा सोबती शेजारीं असतो. राजूर घाटांत सायंकाळीं भरधांव दुचाकी सोडणाऱ्या मुलापाशीं यांपैकीं कोणतें साधन असतें? त्याचें टिपण त्यानें स्वतःच करावयाचें आहे, आणि त्यांतील पहिली ओळ हीच कीं, वळणापलीकडे कोणीतरी घरीं परत चाललेला आहे.