एका अनुपलब्ध गिटारीची प्रामाण्यपरीक्षा

अमेरिकेतील मिशिगन राज्यात कॅलमझू या गावी गिब्सन या वाद्यनिर्मात्या कंपनीचा जुना कारखाना होता. जून १९५७ मध्ये कंपनीचे तत्कालीन अध्यक्ष टेड मॅकार्टी यांच्या नावे विद्युत्-गिटारीच्या तीन नव्या आकारांसाठी पेटंटचे अर्ज दाखल झाले आणि जानेवारी १९५८ मध्ये ते मंजूर झाले. फेन्डर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर १९५४ मध्ये बाजारात आल्यापासून गिब्सनची वाद्ये जुन्या वळणाची वाटू लागली होती. तो समज पुसून टाकावा, हा या आकारांमागील हेतू. पहिला आकार बाणाच्या फाळासारखा, तो ‘फ्लाइंग व्ही’ या नावाने प्रसिद्ध झाला. दुसरा तिरपा व कोनदार, तो ‘एक्सप्लोरर’. तिसऱ्यात एक पंख लांब व दुसरा आखूड कापलेला दिसतो; त्याला ‘मॉडर्न’ म्हणतात. या नावाच्या रोमन लेखनात अंती एक अनुच्चारित ‘ई’ आहे. हे अक्षर पुढे महत्त्वाचे ठरणार असल्याने त्याचा उल्लेख येथेच केलेला बरा.

पहिल्या दोन आकारांच्या गिटारी प्रत्यक्षात तयार झाल्या, त्या काळी फारशा खपल्या नाहीत आणि म्हणूनच आज लक्षावधी डॉलरांना विकल्या जातात. तिसऱ्या आकाराची त्या काळातील एकही निर्विवाद गिटार आजवर पुढे आलेली नाही. जुन्या कारागिरांच्या आठवणी सांगितल्या जातात, कोणाकडे तरी ती असल्याच्या वार्ता अधूनमधून उठतात. पण सर्वमान्य पुरावा काय तो पेटंटच्या चित्राचा.

भाषेच्या इतिहासाच्या अभ्यासकाला ही परिस्थिती अनोळखी वाटू नये. पुनर्रचनेने सिद्ध केलेल्या, परंतु कोणत्याही लेखात न आढळलेल्या रूपामागे तो तारकाचिन्ह लावतो. ‘मॉडर्न’ ही अशीच तारांकित गिटार होय. मात्र एक भेद आहे. भाषेतील तारांकित रूप कधी काळी अस्तित्वात होते असे गृहीत धरलेले असते. पेटंटचे चित्र केवळ एक संकल्प नोंदवते. संकल्प सिद्धीस गेला की नाही, हे चित्र सांगत नाही. तेव्हा ‘मॉडर्न’ हे तारांकित रूप आहे की कोशकाराच्या हस्तदोषातून जन्मणाऱ्या भूतशब्दाच्या जातीचे आहे, हाच मूळ प्रश्न आहे.

या प्रश्नाला कंपनीच्या रवानगीच्या वहीने आणखी एक पदर जोडला आहे. तीत फ्लाइंग व्हीच्या ८१ गिटारी १९५८ मध्ये आणि १७ गिटारी १९५९ मध्ये रवाना झाल्याचे दिसते. त्याखेरीज ‘कोरिना’ या लाकडाच्या नावापुढे कंसात ‘मॉड. गिटार’ असा संक्षेप असलेल्या नोंदी आहेत: १९५८ मध्ये १९ व १९५९ मध्ये ३. या बावीस गिटारी एक्सप्लोररच असाव्यात, असे बहुतेक जाणकार मानतात, कारण एक्सप्लोरर अस्तित्वात आहेत व त्यांची अन्यत्र नोंद सापडत नाही. ‘मॉड.’ म्हणजे ‘आधुनिक’ हे साधे विशेषण, असा त्यांचा अर्थ. परंतु शेवटी ‘ई’ असलेले विशेषनामही लिहिताना असेच तोडता येते. कारकुनाने पूर्णविरामाच्या जागी आणखी चार अक्षरे लिहिली असती, तर साठ-पासष्ट वर्षांचा वाद मिटला असता.

आता समजा, कोणा गृहस्थाच्या माळ्यावरून अशी एक गिटार निघाली. तिची परीक्षा कशी करावी? सामान्य माणूस प्रथम ती चित्राशी ताडून पाहील आणि दोहोंचा मेळ बसला की हर्षभरित होईल. वस्तुतः सर्वांत दुबळा पुरावा तोच. पेटंटचे चित्र सर्वांस खुले असते. १९७० नंतरच्या दशकात जपानी कारखान्यांनी याच आकाराच्या गिटारी काढल्या, १९८२ मध्ये खुद्द गिब्सननेही काढल्या. जे सर्वांना ठाऊक आहे, त्याच्याशी जुळणे हे नकलेचेही लक्षण असू शकते. पाठचिकित्सेत शुद्ध पाठ दोन पोथ्यांत समान असला म्हणून त्यांचा संबंध सिद्ध होत नाही; समान अपपाठ मात्र तो सिद्ध करतो. परीक्षकाचे लक्ष म्हणून हेतूने केलेल्या गोष्टींकडून नकळत घडलेल्या गोष्टींकडे वळले पाहिजे.

पहिला साक्षीदार आवाजाचे बटण. त्याखालील पोटेन्शिओमीटरवर अंक ठोकलेले असतात. आरंभीचे तीन अंक निर्मात्याचे, पुढचा एक (किंवा दोन) वर्षाचा, शेवटचे दोन आठवड्याचे. १३४८३२ याचा अर्थ सेंट्रालॅब कंपनी, १९५८, बत्तिसावा आठवडा. यावरून वाद्याच्या जुळणीची पूर्वमर्यादा कळते. उत्तरमर्यादा कळत नाही, कारण सुटा भाग फळीवर कितीही काळ पडून राहू शकतो. उलट बाजूही ध्यानात घ्यावी. १९५८ च्या सुमारास कापलेली फ्लाइंग व्हीची काही धडे कारखान्यात तशीच राहिली व १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्या काळच्या सामग्रीसह जुळवली गेली. म्हणजे नंतरचा अंक आढळला एवढ्यावरून लाकूडही नंतरचे ठरत नाही.

दुसरा साक्षीदार पिकप. गिब्सनचे अभियंते सेथ लव्हर यांच्या दुहेरी वेटोळ्याच्या पिकपचे पेटंट १९५९ मध्ये मंजूर झाले. तत्पूर्वीच्या आणि नंतरच्याही काही वर्षांच्या नगांखाली ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ अशा अर्थाची चिठ्ठी असते. चिठ्ठी छापणे कोणालाही जमेल. वेटोळ्यांचा रंग व तारेची गुंडाळणी पाहण्यासाठी धातूचे झाकण काढावे लागते, आणि ते मूळच्या डाखाने बसवलेले असते. हा डाख कधीच उकललेला नाही, हाच स्वतः एक मोठा पुरावा असतो. एक साक्ष काढायची तर दुसरी मोडावी लागते, हा पेच परीक्षकाला टाळता येत नाही.

लाकडाविषयी थोडक्यात. ‘कोरिना’ हे व्यापारी नाव; झाड पश्चिम आफ्रिकेतील लिंबा, म्हणजे आपल्याकडील ऐन, हिरडा व बेहडा यांचेच सगोत्र. जुनी फळी मिळवून नवे वाद्य कापता येते, तेव्हा लाकडाचे वय फक्त लाकडाचेच वय सांगते. माथ्यामागचा शाईचा क्रमांक तर त्याहून स्वस्त. जंबुपार किरणांत जुन्या नायट्रोसेल्युलोज लॅकरचा थर फिकट हिरवट-पिवळा उजळतो व नंतर फिरवलेला हात वेगळा पडतो, एवढे साहाय्य त्या परीक्षेचे होते.

खरा निर्णय आतल्या कोरणीवर अवलंबून राहील. मान व धड यांचा सांधा, तारांसाठी पाडलेली भोके, साच्याभोवती फिरलेल्या कोरणीयंत्राच्या खुणा, या गोष्टी ज्या साच्यांवर व यंत्रांवर झाल्या, त्यांचेच दोष उतरवतात. निर्विवाद फ्लाइंग व्ही आणि एक्सप्लोरर यांच्या पोटातील खुणा नव्या गिटारीच्या पोटातही निघाल्या, तर तो समान अपपाठ ठरेल. त्यातही अडचण आहेच: मूळ वाद्ये उघडून पाहिलेल्या कुशल कारागिराला या खुणाही आता ठाऊक आहेत.

येथे तुलनेला एक उदाहरण योग्य होईल. सोस्यूर यांनी १८७९ च्या आपल्या प्रबंधात मूळ इंडो-युरोपीय भाषेसाठी असे काही वर्ण गृहीत धरले, की जे कोणत्याही ज्ञात भाषेत टिकलेले नव्हते. १९२७ मध्ये कुरिलोविच यांनी दाखवून दिले, की हित्ती भाषेतील एक व्यंजन अपेक्षित स्थानांपैकी अनेक ठिकाणी आढळते. या पुराव्याचे बळ कशात होते? हित्ती मृत्तिकापट्ट कोरणाऱ्या लेखनिकांनी सोस्यूर वाचलेले नव्हते, यात. गिटारीच्या बाबतीत हे स्वातंत्र्य पूर्णपणे मिळणे कठीण आहे. त्यातल्या त्यात १९५८-५९ च्या सुमाराचे छायाचित्र, विक्रीची पावती, दुरुस्तीची नोंद असा कागद वाद्याबरोबर निघाला, आणि तो नंतरच्या जाणकारीने दूषित झालेला नाही हे दाखवता आले, तर तारकाचिन्ह पुसण्याचा विचार करता येईल.

दुर्दैव असे, की असा पुरावा बहुधा वाद्य जाणकाराच्या हाती येण्यापूर्वीच नष्ट होतो. वाद्य सापडले की मालक खरखरणारी बटणे बदलतो, सुटलेल्या तारांना नवा डाख देतो, मळकट पेटी टाकून देतो व पेटीच्या कप्प्यातील चिटोरे तिच्याबरोबर जातात.